तिला कळले होते

दर वर्षी १२ मे जवळ आला की आमच्या धर्मग्रामांत एक छोटासा सोहळा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस, म्हणून जागतिक परिचारिका दिन. त्याच्या आगेमागे येणाऱ्या रविवारी मिस्सा संपताना धर्मगुरू देवळातील परिचारिकांना उभे राहावयास सांगतात. मागच्या बाकांवरून पाचसातजणी संकोचाने उठतात. त्यांत कोणी ओरोसच्या सरकारी रुग्णालयात काम करणारी असते, कोणी मालवणच्या ग्रामीण रुग्णालयातली, कोणी मुंबईहून रजेवर आलेली, कोणी आखातातून. प्रत्येकीच्या हाती गुलाबाचे एक फूल दिले जाते. 'ह्या आपल्या देवदूत' असे वाक्य उच्चारले जाते, टाळ्या होतात, आणि त्या पुन्हा खाली बसतात. दोन शब्द बोला, असे त्यांना कोणी सांगत नाही.

त्या टाळ्या आम्हीही वर्षानुवर्षे वाजविल्या आहेत. आज आम्हांस त्यांची लाज वाटते. का वाटते, ते ह्या लेखात सांगावयाचे आहे. काही वाचकांना ते बोचेल. बोचावे अशीच आमची इच्छा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. परिचारिकेच्या सेवेचे गोडवे गाता गाता आपण तिची बुद्धी नाकारीत आलो आहोत. रात्रभर रुग्णाच्या उशाशी वावरून तिने जे पाहिलेले असते आणि त्यावरून मनाशी जो निष्कर्ष काढलेला असतो, तो तिला विचारण्याची रीत आपल्या रुग्णालयांत नाही, घरांत नाही आणि देवळातही नाही. ह्या न विचारण्याची किंमत शेवटी खाटेवरचा माणूस मोजतो.

एका रात्रीची हकीकत

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मावशीला हृदयविकारासाठी जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयात ठेवले होते. वय चौऱ्याहत्तर. सारा जन्म मालवणच्या किनाऱ्यावर गेलेला, बोली मालवणी. हिंदी समजे, पण बोलता येत नसे. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास ती सिस्टरला म्हणाली, "बाय, माझो जीव घाबरता गो. उशी उंच कर."

ती सिस्टर परप्रांतातली होती. कष्टाळू आणि मायाळू होती, ह्यात शंका नाही. तिला 'घाबरता' एवढा शब्द कळला. तिने मावशीचा हात हाती घेतला, घाबरू नका म्हणून धीर दिला, उशी नीट केली आणि केसपेपरवर नोंद केली : रुग्ण चिंताग्रस्त, धीर दिला.

आता आमच्या किनाऱ्यावरील कोणत्याही घरात विचारा. 'जीव घाबरता' म्हणजे भीती वाटते असे नव्हे. श्वास पुरत नाही, छातीत कोंडल्यासारखे होते, असा त्याचा अर्थ. आणि 'उशी उंच कर' ही तर त्याहून मोठी खूण होती. हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साचू लागते; मग माणसाला आडवे पडवत नाही, उठून बसावेसे वाटते, उशीवर उशी लागते. मावशीने आपल्या बोलीत आपला रोग अचूक सांगितला होता. कागदावर उतरताना त्याची भीती झाली.

मध्यरात्रीनंतर दुसरी परिचारिका आली. ती आमच्याच किनाऱ्यावरची, शेजारच्या धर्मग्रामातली, शिक्षण संपवून वर्ष न झालेली मुलगी. तिला मावशीची भाषा कळत होती. तिने श्वास मोजले. मिनिटाला तीस भरले. पण केसपेपरवर 'चिंताग्रस्त' हा शब्द आधीच लिहिलेला होता, आणि लिहिलेल्या शब्दाचा वचक मोठा असतो. तीस खाटांचा वॉर्ड ती एकटी सांभाळीत होती. तिने डॉक्टरांना फोन केला आणि म्हणाली, "सर, आजी जरा अस्वस्थ वाटतात." पलीकडून उत्तर आले, झोपेची गोळी द्या, सकाळी पाहू. तिने गोळी दिली.

आणि आम्ही? आम्ही खाटेशेजारी बसलो होतो. 'देवाचे नाव घे, स्वस्थ पड' असे आम्हीच मावशीला दोनदा सांगितले. आमच्या हाती रोझरी होती. मण्यांवर आमचे लक्ष होते, मावशीच्या श्वासावर नव्हते. सकाळी सहाच्या आत ती गेली.

त्या रात्री डॉक्टर आले असते तर मावशी वाचलीच असती, असा आमचा दावा नाही. परंतु महिन्याच्या मिस्सेला ती मुलगी देवळाच्या पायरीवर आम्हांस भेटली आणि डोळे पुशीत म्हणाली, "माका कळलेला. पण कसा सांगूचा, ताच माका समाजला नाय." हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. तिला कळले होते. रुग्णाजवळ असलेल्यांपैकी फक्त तिलाच कळले होते, आणि ते कळणे तिच्याजवळच राहिले.

त्या मुलीला दोष देणे सोपे आहे, तितकेच डॉक्टरांना देणे सोपे आहे. आम्ही दोघांनाही देत नाही. जिने वीस वर्षे 'मोठ्यांसमोर बोलू नये' हेच ऐकले, जिला शाळेत, घरात, देवळात आणि पुढे प्रशिक्षणातही आज्ञापालन हाच मुलीचा दागिना म्हणून शिकविला गेला, ती रात्री दोन वाजता एका डॉक्टराला 'तुम्ही आत्ता आलेच पाहिजे' असे कसे म्हणणार? तिच्या जिभेला कुलूप त्या रात्री लागले नव्हते. ते आपण सर्वांनी मिळून कितीतरी आधी लावले होते.

दिवा आठवतो, वही आठवत नाही

नाइटिंगेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हाती दिवा घेतलेली स्त्री येते. चित्र सुंदर आहे. पण अर्धे आहे. त्या स्त्रीच्या दुसऱ्या हातात वही होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मरत आहेत, हे तिने आकड्यांनी मांडले आणि सरकारला ऐकावयास लावले. इंग्लंडच्या सांख्यिकी संस्थेवर निवडून गेलेली ती पहिली स्त्री. १८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात तिने रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण घातले. काय पाहावे आणि पाहिलेले कसे सांगावे, हेच परिचारिकेला प्रथम शिकविले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. त्याच पुस्तकात तिने रुग्णाला पोकळ धीर देणाऱ्यांची कठोर हजेरी घेतली आहे. 'काही झाले नाही, उद्या बरे वाटेल' असे म्हणणारे रुग्णाचा छळ करतात, असे तिचे मत होते. आम्ही मावशीच्या खाटेशी बसून नेमके तेच करीत होतो.

परिचारिकेचा निर्णय म्हणजे आकाशातून पडलेली स्फूर्ती नव्हे. क्रिस्टिन टॅनर ह्या अमेरिकन अध्यापिकेने २००६ साली त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : ध्यानात येणे, अर्थ लावणे, कृती करणे, आणि घडून गेल्यावर मागे वळून पाहणे. त्या मुलीला पहिल्या दोन पायऱ्या उत्तम साधल्या. तिसरीवर ती अडली. चौथी ती देवळाच्या पायरीवर एकटीच रडत चढली. रुग्णालयात तिच्याबरोबर बसून त्या रात्रीचा विचार करणारे कोणी नव्हते.

पुस्तकी विद्या नको असेल त्यांनी शुभवर्तमान उघडावे. संत लूकच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण बालपणापासून ऐकतो आणि तिचे सार 'दया करा' असे सांगून मोकळे होतो. ती पुन्हा सावकाश वाचावी. वाटेवर पडलेला माणूस याजकाने पाहिला, लेव्याने पाहिला, शोमरोन्यानेही पाहिला. तिघांनाही दिसले, ध्यानात आले ते एकाच्या. तो जवळ गेला. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या. काय लावावे हे त्याला ठाऊक होते. हा माणूस चालू शकणार नाही हे ओळखून त्याने त्याला आपल्या जनावरावर बसविले. उतारशाळेत रात्रभर त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी निघताना दोन दीनार देऊन, काय करावयाचे ते सांगून, परत येण्याचे वचन देऊन त्याने रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपविला. निरीक्षण, निर्णय, उपचार आणि सोपवणूक, सारे काही त्या गोष्टीत आहे. आपण त्यातली दया तेवढी उचलली.

परिचारिकांचे आश्रयदाते संत कामिल्लुस ह्यांच्याविषयीही तसेच. १८८६ साली तेरावे लिओ ह्यांनी त्यांना आजाऱ्यांचे आणि १९३० साली अकरावे पायस ह्यांनी परिचारिकांचे आश्रयदाते ठरविले. चरित्रकार सांगतात की काही आजारी माणसे प्राण जाण्यापूर्वीच पुरावयास नेली जातात, हे कामिल्लुसांच्या ध्यानात आले. म्हणून मृत्यू झालासा वाटल्यावरही आपल्या बांधवांनी काही वेळ जवळ थांबून प्रार्थना चालू ठेवावी, असा नियम त्यांनी घातला. त्यांची प्रार्थना डोळे उघडे ठेवून करावयाची होती.

आपल्या जिल्ह्याचे दुखणे

हा विषय शहरातल्या काचेच्या इमारतींचा आहे असे कोणी समजू नये. सिंधुदुर्गात तो अधिकच आपला आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप येतो. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने डोके वर काढले आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसराला त्याने हैराण केले. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला हा रोग गोचिडीमुळे होतो आणि काजूच्या हंगामात बागेत वावरणाऱ्यांना गाठतो. हे दोन्ही ताप पहिल्या दिवशी साध्या तापासारखेच दिसतात. अंग मोडून येते, डोके दुखते, कणकण असते. माणूस प्रथम जातो उपकेंद्रातल्या नर्सबाईकडे. 'चिखलात उतरला होतास का? पायाला जखम आहे का? पोटऱ्या दुखतात का? लघवी कमी झाली का? काजूच्या बागेत गेला होतास का? तिथे माकड मेलेले दिसले का?' हे प्रश्न तिने विचारले तर माणूस वेळेवर पुढे जातो. न विचारता तापाची गोळी दिली तर चौथ्या दिवशी डोळे पिवळे करून परततो. ते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावे, कोणत्या उत्तरावर थांबावे आणि कोणत्या उत्तरावर गाडी बोलवावी, हे ठरविणे म्हणजेच वैद्यकीय निर्णय. तो नर्सबाई रोज करते. आपण त्याला 'गोळ्या वाटणे' म्हणतो.

पुढे जाणे म्हणजे आपल्यापैकी अनेकांसाठी बांबोळी. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, बांदा करीत गोव्यात शिरावयाचे, शंभर किलोमीटरांच्या वर प्रवास. २०१८ च्या जानेवारीत तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनास बसले. ते योग्यच होते. परंतु रुग्णाबरोबर जी चिठ्ठी जाते, तिच्याविषयी आजवर कोणी आवाज उठविल्याचे आमच्या पाहण्यात नाही. बहुधा त्या चिठ्ठीवर रोगाचे नाव आणि 'पुढील उपचारासाठी पाठविले' एवढेच असते. रात्री केव्हा काय बिघडले, कोणते औषध किती वाजता दिले, लघवी केव्हापासून थांबली, काय दिल्यावर उलटी झाली, हे सारे ज्या परिचारिकेला ठाऊक असते, ती मागेच राहते. तिचे ज्ञान गाडीत चढत नाही. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला जेवढे सांगितले तेवढेही आपण सांगत नाही.

आपल्या किनाऱ्यावर शास्त्रशुद्ध शुश्रूषा रुजविण्यात मिशन रुग्णालयांचा वाटा मोठा आहे. वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक रुग्णालयाचे नाव निघाले की जुनी माणसे डॉ. गोहीन यांचे नाव घेतात. ते घ्यावेच. पण त्याच रुग्णालयात रात्रीमागून रात्री जागलेल्या परिचारिकांपैकी एकीचे तरी नाव आपल्यापैकी कोणी सांगू शकेल काय? आम्ही सांगू शकत नाही. विस्मरणाचीही एक जात असते.

सांगणे ही विद्या आहे

'कसा सांगूचा' ह्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते विचित्र ठिकाणाहून आले. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांत निरोप देण्याची एक ठरीव पद्धत होती. पाण्याखाली चूक झाली तर दुसरी संधी नाही, म्हणून निरोप थोडक्यात आणि ठरलेल्या क्रमाने द्यावयाचा. ह्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डॉक्टरांनी ती पद्धत रुग्णालयात आणली, आणि आज ती जगभर शिकविली जाते. तिचे चार भाग आहेत : आत्ता काय घडते आहे, मागची हकीकत काय, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे.

त्या रात्री हा निरोप असा देता आला असता : "सर, महिला वॉर्डातून बोलते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींना श्वास लागला आहे, मिनिटाला तीस. आडवे पडवत नाही. हृदयविकारासाठी तीन दिवसांपूर्वी दाखल झाल्या, संध्याकाळपासून लघवी कमी आहे. फुप्फुसांत पाणी भरत असावे असे मला वाटते. आपण आत्ता येऊन पाहावे." अर्ध्या मिनिटाचेही हे काम नाही. 'आजी जरा अस्वस्थ वाटतात' आणि हा निरोप, ह्या दोहोंमध्ये कधी कधी एका माणसाचे आयुष्य मावते.

त्यातला तिसरा भाग नीट पाहावा : 'मला असे वाटते.' आपल्या मुलींना हे तीन शब्द उच्चारणे सर्वांत कठीण जाते. पहिले दोन भाग त्या सांगतात, चौथा कसाबसा सांगतात, तिसरा गिळतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणि सुधारून २०१७ साली धोक्याच्या खुणांचे एक कोष्टक केले. नाडी, रक्तदाब, ताप, श्वास, प्राणवायूचे प्रमाण, शुद्ध अशा साध्या गोष्टींना त्यात गुण दिले आहेत. श्वास मिनिटाला पंचवीस किंवा त्याहून अधिक झाला तर त्या एका खुणेलाच सर्वांत जास्त, तीन गुण. आणि तेवढ्यावर डॉक्टरांनी तातडीने पाहावे असा संकेत आहे. श्वास मोजावयास घड्याळ पुरते. यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही. लागते ती मोजणारी, आणि मोजलेल्याचा मान ठेवणारा.

रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहिणे हीही विद्याच आहे. 'चिंताग्रस्त' असे लिहिण्याऐवजी 'जीव घाबरता, उशी उंच कर असे म्हणतात' एवढे लिहिले असते, तर रात्रपाळीला आलेल्या मुलीने तो कागद वाचताच अर्थ ओळखला असता.

न्यायालयाने ऐकले

परिचारिकेचे निरीक्षण हा पुरावा असतो काय, असा प्रश्न ह्या देशात एकदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला. त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना मरू द्यावे अशी याचिका झाली, तेव्हा रुग्णालयातल्या परिचारिकांनी विरोध केला. त्यांचा आधार केवळ भावनेचा नव्हता. अरुणा कोणते अन्न आवडीने खातात, खोलीत गर्दी झाली की कशा ओरडतात, गर्दी ओसरली की कशा शांत होतात, हे त्या वर्षानुवर्षे पाहत आल्या होत्या. इतकी वर्षे खाटेवर असूनही त्या देहावर शय्याव्रण नव्हते. त्यांच्या शुश्रूषेची ह्याहून मोठी साक्ष कोणती? ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणांविषयी बोलण्याचा अधिकार त्यांची इतकी वर्षे काळजी घेणाऱ्या ह्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. १८ मे २०१५ रोजी अरुणांना नैसर्गिक मृत्यू आला.

जीवनाच्या पावित्र्याविषयी आपण कॅथॉलिक मंडळी पुष्कळ बोलतो. ते पावित्र्य ह्या स्त्रियांनी बेचाळीस वर्षे कुशीवर वळवून, भरवून, पुसून जपले. आणि प्रसंग आला तेव्हा त्याविषयी स्पष्ट शब्दांत सांगितले. देशाचे सर्वोच्च न्यायालय जिचे ऐकू शकते, तिचे रात्रपाळीचा डॉक्टर का ऐकू शकत नाही? आणि आपण का ऐकत नाही?

काही आक्षेप

आम्हांस आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा की परिचारिका डॉक्टर नव्हे; तिने निदान करू लागावे काय? आमचे उत्तर असे की औषध कोणते द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे, त्यात आम्ही ढवळाढवळ करीत नाही. पण डॉक्टरांना केव्हा बोलवावे हे तीच ठरविते, आणि तो निर्णय चुकला तर पुढचे सारे निर्णय उशिरा होतात.

दुसरा आक्षेप : सगळ्याच सिस्टर काही अशा नसतात, कित्येक उर्मट असतात, बाळंतिणीवर ओरडतात, प्रश्न विचारला की 'डॉक्टरांना विचारा' म्हणून पाठ फिरवितात. हे खरे आहे, आणि ते झाकण्याची आमची इच्छा नाही. ज्या परिचारिका गरिबावर खेकसतात त्यांना ह्या लेखाची ढाल करता येणार नाही. मात्र 'डॉक्टरांना विचारा' हे उत्तर कोठून आले ह्याचा विचार करावा. जिच्या मताला कोणी विचारीत नाही, ती हळूहळू मत बनविणेच सोडून देते. मग उरते ते काम उरकणे.

तिसरा आक्षेप संख्येचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. त्या रात्री तीस रुग्णांमागे एक होती. युरोपातील नऊ देशांच्या रुग्णालयांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की दाखल झालेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव सात टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. तेव्हा माणसे वाढविलीच पाहिजेत. पण माणसे वाढेपर्यंत ऐकणे थांबवावे असे त्यातून निघत नाही. उलट, जी एकटी तीसजणांना पाहते तिने एकासाठी फोन केला, तर तो अधिकच गंभीरपणे घ्यावयास हवा.

आणि नातेवाईक म्हणून आपलेही काही चुकते. खाटेभोवती दहाजणांचा मेळा जमवावयाचा, आधीच्या औषधांची चिठ्ठी घरी विसरावयाची, गावठी औषध दिल्याचे लपवावयाचे, आणि काही विपरीत घडले की जी समोर दिसेल तिच्या अंगावर धावून जावयाचे. असे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही आपल्याला भूषणावह गोष्ट नाही.

आमचे मागणे

२०२० च्या २२ मार्चला आपण थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजी सैन्यदलाच्या विमानांनी रुग्णालयांवर फुले उधळली. फुले वाळली. मागणे फुलांचे नव्हतेच.

धर्मभगिनींच्या आणि आपल्या संस्थांच्या रुग्णालयांनी एक नियम करावा. रुग्ण बिघडतो आहे असे वाटल्यास कोणतीही परिचारिका, कितीही नवखी असो, कोणत्याही डॉक्टरला कोणत्याही वेळी उठवील. फोन अनाठायी ठरला तरी तिला कोणी रागावणार नाही. आणि उत्तर समाधानकारक न मिळाल्यास तिने वरिष्ठांकडे जाणे हे तिचे कर्तव्य मानले जाईल. ख्रिस्ती रुग्णालयाची ओळख दारावरच्या क्रुसापेक्षा ह्या नियमावरून व्हावी.

रुग्णाला दुसरीकडे नेताना कुटुंबाने परिचारिकेकडून रात्रीची हकीकत लिहून मागावी, आणि तिने ती आनंदाने द्यावी. आपल्या माणसाचे जे रोजच्यापेक्षा वेगळे दिसते ते आपण तिला सांगावे. 'एरवी ती अशी नसते' हे एक वाक्य कधी कधी तपासणीइतके मोलाचे असते.

परिचारिका भगिनींना आम्ही एवढेच विनवितो : मोजा, लिहा, आणि 'मला असे वाटते' हे शब्द गिळू नका. तुमचे वाटणे हे शिक्षणातून आणि जागरणातून आलेले ज्ञान आहे.

आणि धर्मग्रामांनी येत्या १२ मे रोजी फूल देण्यापूर्वी त्यांना ध्वनिक्षेपकापाशी बोलवावे. लेप्टोची लक्षणे कोणती, छातीत कोंडते तेव्हा काय करावे, रुग्णालयात गेल्यावर काय सांगावे, हे त्यांनी दहा मिनिटे सांगावे आणि आपण ऐकावे. देवदूतच म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ आठवावा. दूत म्हणजे निरोप आणणारा. गाब्रिएल नाझरेथास आला तो बोलला, आणि पवित्र मरियेने त्याचे ऐकले, त्याला प्रश्न विचारला, मग होकार दिला. दूताचे तोंड बंद करून त्याच्या हाती गुलाब देण्याची रीत शुभवर्तमानात कोठे आढळत नाही.

ती मुलगी आता दुसऱ्या एका रुग्णालयात आहे. रात्री फोन करावयाची वेळ आली की ती प्रथम चार ओळी कागदावर लिहिते आणि मग बोलते, असे तिने मध्यंतरी आम्हांस सांगितले. हे तिला कोणी शिकविले नाही. आमच्या मावशीच्या मृत्यूतून ती ते शिकली. पुढच्या मुलींना इतक्या महाग शाळेत जावे लागू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.